पोट साफ होतंय का, या प्रश्नाचं उत्तर

अण्णा, मला सात दिवस संडासला झालं नव्हतं, आठव्या दिवशी झालं. पत्राचं पहिलं वाक्य हेच असणार, हे मी आधीच ठरवलं होतं. तुम्ही असतात तर एवढं वाचूनच कागदाची घडी घातली असती आणि आईला म्हणाला असतात, हिला काही काळवेळ आहे की नाही. पण तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मी एकसष्ट वर्षांची झाले, शाळेतून निवृत्त झाले, हे गेल्यापासून मुलुंडच्या या घरात मी आणि तुमचा नातू असे दोघंच राहतो, आणि इथे कोणता विषय काढायचा नि कोणता नाही हे मी ठरवते. पाठीला पट्टा बांधलाय. डॉक्टरांनी एका वेळी वीसच मिनिटं बसायला सांगितलंय, म्हणून हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. मधे उठते, घरातल्या घरात चालते, पुन्हा येऊन बसते. तुमच्यावर रागावलेली असते तेव्हा वीस मिनिटं पुरत नाहीत.

झालं ते एवढंच. चष्मा करायला दिला होता तो घेऊन परत येत होते. रिक्षा भरधाव होती, समोर खड्डा आला, रिक्षावाल्याने ब्रेक मारला तोवर मागचं चाक त्यात आपटून वर आलं आणि मीही सीटवरून उडून परत सीटवर आपटले. पडले नाही, काही लागलं नाही, रक्त नाही. फक्त कमरेच्या वर काहीतरी कट् झालं आणि श्वास घेता येईना. एक्स-रे काढला, मग आणखी एक फोटो काढला. मणका दबलाय, वयाने हाडं ठिसूळ झालीत, ऑपरेशन नको, दीड महिना पट्टा आणि आराम, असं सांगितलं. दुखणं असं होतं की कूस बदलायची म्हटली तरी डोळ्यांत पाणी यायचं. साध्या गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी जोरातल्या लिहून दिल्या. औषधवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली, पाठीमागे तारीख घातली, मग दिल्या. त्या गोळ्यांनी खरंच उतार पडला. पहिल्या दुपारी मी तीन तास सलग झोपले आणि उठल्यावर मुलाला म्हटलं, देवासारखी गोळी आहे रे.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन आला. दुखणं कसंय, चक्कर येते का, जेवण जातंय का, आणि पोट साफ होतंय का. समोर मुलगा लॅपटॉप घेऊन बसला होता. मी म्हटलं, "हो, हो, उत्तम." फोन ठेवला आणि मग मला कळलं की हे उत्तर मी याआधी ऐकलेलं आहे. शब्दसुद्धा तोच. उत्तम.

पंचवीस वर्षांपूर्वी, तुमच्या त्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या खोलीत, खिडकीकडच्या खुर्चीवर तुम्ही बसला आहात. इस्त्रीचा पांढरा शर्ट आता खांद्यांवरून उतरलाय, वरचं बटण मात्र लावलेलं. डॉक्टर तुमच्याहून वीस वर्षांनी लहान, पण मायाळू माणूस. तो प्रत्येक वेळी न चुकता विचारतो, काका, पोट साफ होतं ना, मॉर्फिनने त्रास होतो हो. आणि तुम्ही त्याच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणता, उत्तम. मी शेजारी उभी आहे, हातात फाइल. मला माहीत आहे की उत्तम नाही. आईने ते तुम्ही न सांगताच ओळखलं होतं आणि मला स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज चालू असताना सांगितलं होतं. तरी मी फाइलमधले कागद नीट लावत राहते. त्या डॉक्टरने दोन औषधं लिहिली होती, दुखण्याच्या गोळ्या आणि पोटासाठीचं सरबतासारखं औषध. दुकानात तुम्ही काउंटरवरच्या पोरीला म्हणालात, दुसरं नको, घरी आहे. घरी काहीही नव्हतं.

मला आजवर एक गोष्ट उमगलेली नाही. तुम्ही तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारी घ्यायच्या टेबलावर काढलीत. शाळा सुटल्यावर मी कधीकधी तुमचा विसरलेला डबा घेऊन यायचे आणि डबा खाऊन होईपर्यंत स्टुलावर बसून ऐकायचे. लोक फोन करून ओरडायचे, फोन बिघडलाय, माणूस पाठवा. तुमचा आवाज कधी चढायचा नाही. बिघडलाय म्हणजे काय, घंटी वाजत नाही, की ऐकू येत नाही, की तुमचा आवाज पलीकडे जात नाही? एकेक सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी दुरुस्त कसा करू? मला तुमचा अभिमान वाटायचा. अख्ख्या घाटकोपरला तुम्ही नीट तक्रार करायला शिकवलंत आणि स्वतःच्या घरात मात्र त्या एका तक्रारीला तोंड नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते. तुमच्या ऑफिसातले दोघं जण रविवारी जेवायला आले होते. श्रीखंड होतं. मी ताटावर बसून आईला म्हणाले, मला नको, दोन दिवस मला झालंच नाहीये. त्या काकांपैकी एक हसला. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. जेवणं झाली, पाहुणे गेले, मग तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत आणि ओट्याजवळ उभं करून अगदी हळू म्हणालात, "हा विषय पुन्हा माणसांत काढायचा नाही. आपल्याकडे काढत नाहीत." फटका मारला असतात तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते. त्या हळू आवाजाने मात्र काम केलं. शाळेत मी सकाळपासून दुपारपर्यंत अडवून धरायला शिकले. महिन्यातून एकदा तुम्ही आम्हा भावंडांना ओळीने उभं करून एरंडेल पाजायचात, तेही काहीही न बोलता. कशासाठी ते कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. तुम्ही स्वतः चाळीच्या सार्वजनिक संडासात पहाटे जायचात, रांग लागायच्या आत, बादली घेऊन जाताना कुणी बघू नये म्हणून.

पुढे मी विज्ञानाची शिक्षिका झाले. पचनसंस्था हा धडा मी किती वर्षं शिकवला असेन. तोंडापासून लहान आतड्यापर्यंत मी वर्गाकडे तोंड करून शिकवायचे, प्रश्न विचारायचे, पोरांना फळ्यापाशी बोलवायचे. मोठं आतडं आलं की मी फळ्याकडे वळायचे आणि पाठमोरीच उरलेलं संपवायचे. पुस्तकातला शब्द होता उत्सर्जन. तो फार सोयीचा शब्द आहे, अण्णा. तो कुणालाच होत नाही.

तर पाचव्या दिवशी माझं पोट दगडासारखं झालं. जेवण बघवेना. तोंडाला कडवट चव. गरम पाणी झालं, मनुका झाल्या, रात्रभर भिजवलेले अंजीर झाले, इसबगोल झालं. इसबगोलने तर आणखीच तट्ट फुगलं. सहाव्या दिवशी मी ठरवलं, गोळ्यांमुळे होतंय ना, मग गोळीच अर्धी करू. मुलाला सांगितलं नाही. संध्याकाळी पलंगावरून उठताना पाठीतून अशी कळ गेली की मी पलंगाची कड धरून तिथेच लटकले. ना उठता येत होतं, ना परत बसता. मुलगा शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये होता आणि मी त्याला हाक मारत नव्हते, कारण हाक मारली तर गोळी अर्धी का केली हे सांगावं लागलं असतं.

तिथेच मला तुमची दाढीच्या सामानाची पेटी आठवली. तुम्ही गेल्यावर तेराव्यानंतर आईने आवरायला काढली होती. तळाशी घातलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाखाली मॉर्फिनच्या गोळ्या होत्या, चौदा. एकेक, नीट रांगेत लावलेल्या. आम्ही तुमच्या हातात गोळी आणि पाणी द्यायचो, तुम्ही घोट घ्यायचात, आणि आम्ही वळलो की ती गोळी तिथे जायची. शेवटच्या त्या आठवड्यांत तुम्ही उशीचा अभ्रा दातांत धरायचात. आई रात्रंदिवस तुमच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, एवढं औषध देतात तरी कसं दुखतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. गोळी घेतली की पोट अडतं, पोट अडलं की कुणाला तरी सांगावं लागतं, आणि सांगण्यापेक्षा दुखणं बरं, असा तुम्ही हिशेब केलात. कुणालाही सांगितलं नाहीत, आम्हाला विचारलंही नाहीत.

पलंगाची कड धरून मला आधी रडू आलं आणि मग संताप आला. मी मुलाला मोठ्याने हाक मारली. तो हेडफोन गळ्यात लटकवून धावत आला. मी म्हटलं, मला सहा दिवस संडासला झालेलं नाही, त्या गोळ्यांनी झालंय, म्हणून मी गोळी अर्धी केली आणि आता मला हलता येत नाही. त्याने आधी मला दंडाला धरून बसवलं. मग म्हणाला, "आई, सहा दिवस? अगं, बोलायचं ना." बस, एवढंच म्हणाला. आकाश कोसळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांची वेळ मिळाली होती. त्याआधी सकाळी, बोरिवलीहून काका मला बघायला आले. तुमचा धाकटा भाऊ आता ब्याऐंशी वर्षांचा आहे, काठी घेऊन चालतो, आणि बसतो, चहा पितो, घसा खाकरतो ते अगदी तुमच्यासारखं. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, कसं काय, आता बरं आहे ना? मला चांगलं ठाऊक होतं की याचं उत्तर काय द्यायचं असतं. मी म्हटलं, पाठ सुधारतेय काका, पण आज सातवा दिवस, मला संडासला झालेलं नाही. काकांची बशी अर्ध्यात थांबली. त्यांनी वर पंख्याकडे बघितलं आणि तुमच्या नातवाला म्हणाले, हा पंखा नवीन घेतला का रे. मी म्हटलं, काका, पंखा जुनाच आहे. दुखण्याच्या या गोळ्यांनी आतडं सुस्त होतं, म्हणून दुपारी डॉक्टरकडे चाललेय. मुलगा स्वयंपाकघरात निघून गेला. काकांनी चहा संपवला, आणखी दहा मिनिटं हवापाण्याचं बोलले आणि काठी घेऊन निघाले. मी दार लावलं. मला इतकं हलकं वाटलं, अण्णा. पोटाला नव्हे, दुसरीकडेच कुठेतरी.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी असतात तेवढी. तिने विचारायच्या आत मी सगळं सांगितलं. किती दिवस, काय खाल्लं, इसबगोलने काय झालं, गोळी अर्धी केली तेही. वारा सरतो का, उलटी झाली का, पोटात मुरडा येतो का, तिने विचारलं आणि मी एकेकाचं उत्तर दिलं. तिने पोट तपासलं, मग परवानगी विचारून खालूनही तपासलं. म्हणाली, अडकून बसलंय, आधी ते मोकळं करू. मी तिला विचारलं की ही गोळी म्हणजे मॉर्फिनच का.

"त्याच जातीची, सौम्य आहे," ती म्हणाली. "ही सगळी औषधं आतड्याची हालचाल मंद करतात. तुमचं खाणं चुकलं नाही, तुमचं काही चुकलं नाही. खरं तर गोळी सुरू करतो त्याच दिवशी पोटाचं औषध सुरू करायचं असतं. ते तुम्हाला मिळालं नाही, ही आमची चूक. आणि इसबगोल नको, आतडं ढकलतच नसेल तर त्याने नुसता गोळा मोठा होतो."

मग एक सिस्टर आली. पडदा ओढला, मला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि एनिमा दिला. देताना ती मला तिच्या मुलीच्या दहावीबद्दल सांगत होती. आतल्या संडासात तिने कमोडसमोर एक बुटका स्टूल ठेवला आणि पाय त्यावर ठेवून बसायला सांगितलं, गुडघे वर आले की जोर करावा लागत नाही म्हणाली. पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं, तेवढ्याने निभावलं. पहिल्यांदा थोडंसंच झालं. रात्री दुसरं औषध घेतलं आणि सकाळी, आठव्या दिवशी, घरी, माझ्या स्वतःच्या संडासात, पूर्ण झालं. मी आत बसून हसत होते.

हॉस्पिटलातल्या त्या सगळ्याला वीस मिनिटं लागली, अण्णा. मी पडद्यामागच्या घड्याळात बघितलं होतं. चौदा गोळ्या तुम्ही कागदाखाली लपवल्यात, उशी चावलीत, आईला जागवलंत, ते ही वीस मिनिटं टाळण्यासाठी. याला मी मान राखणं म्हणणार नाही. लोक अजून म्हणतात, अण्णांनी शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, केवढा सोशिक माणूस. मी पंचवीस वर्षं मान डोलावली. आता नाही डोलावणार.

आता झोपताना दोन गोळ्या आणि सकाळी ग्लासभर पाण्यात विरघळवायची पावडर, असं चाललंय. दुखण्याची गोळी पुरी घेते, कमी करायची ती डॉक्टर सांगेल तशी. फ्रिजवर कॅलेंडर आहे, त्यावर ज्या दिवशी होतं त्या दिवसाला बरोबरची खूण करते. दूधवाला, कामवाल्या मावशी, सगळ्यांना दिसते. मावशींनी विचारलं तेव्हा सांगितलं कशाची ती. तीन दिवस खूण झाली नाही तर डॉक्टरीणबाईंना फोन करायचा, उलट्या झाल्या किंवा पोट फुगून वारासुद्धा सरेनासा झाला तर सरळ हॉस्पिटल गाठायचं, हे मुलाने स्वतः लाल पेनाने खाली लिहिलंय. सकाळी तो दात घासता घासता विचारतो, आई, झालं? मी म्हणते, झालं. किंवा, अजून नाही. आमच्या घरात आता हे असं चालतं.

परवा काकांचा फोन आला. आवाज दबका, मागून वाहनांचे आवाज येत होते, म्हणजे गॅलरीत जाऊन बोलत असणार. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, अगं, ते तुझ्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, त्याचं नाव काय? मी विचारलं, कुणासाठी हवंय? ते म्हणाले, असंच, एकजण विचारत होता. मी विचारलं, कोण एकजण? मी सोपं करून देणार नव्हते. त्यांनी गॅलरीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मलाच गं. गुडघ्याच्या गोळ्या चालू झाल्यापासून. नऊ दिवस झाले." ब्याऐंशी वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा बोलत असावेत. मी त्यांना म्हटलं, माझं औषध तुम्हाला चालेलच असं नाही, आजच्या आज डॉक्टरकडे जा, आणि त्यांनी विचारलं तर उत्तम म्हणू नका. ते हसले. संध्याकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला की जाऊन आले, मोकळं वाटतंय, जेवले. अण्णा, मी फोन ठेवला आणि एकटीच टाळी वाजवली.

इथे हे पत्र संपवायचं होतं. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, माझ्या जुन्या पाठ-टाचणांच्या वह्यांमध्ये जाणार. पण मघापासून मी लिहितेय की तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत, आणि ते वाक्य वाचताना माझं पेन अडतंय.

घाटकोपरचं घर, दुपारचे तीन. आई देवळात गेलीय. मी शाळेतून परस्पर आलेय, पिशवीत चाचणीचे पेपर. तुम्ही हाक मारता, मी पलंगाशी येते. तुम्ही माझं मनगट धरता, जे कधी धरत नाही, आणि भिंतीकडे बघत म्हणता, "ते डॉक्टर विचारतात ना, ते. मला दहा दिवस झालं नाही. फार त्रास होतोय. तू त्यांना सांगशील?" मी छत्तीस वर्षांची आहे, विज्ञानाची शिक्षिका आहे. माझे कान तापतात. मी मनगट सोडवून घेते आणि म्हणते, आई आली की तिला सांगा हं, मी चहा टाकते. स्वयंपाकघरात जाऊन मी खरंच चहा टाकते. तुम्ही आईला सांगत नाही. मी डॉक्टरांना सांगत नाही. त्यानंतर तीन आठवडे तुम्ही होतात.

तुम्ही सांगितलं होतंत, अण्णा. एकदा, मला.